रतामाच्या झुडपाखाली

‘वाचकांचे प्रश्न’ या सदरासाठी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच दुखण्याची निघाली, म्हणून इतर पत्रे पुढील अंकासाठी राखून ही चारच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे गाळली असून पत्रे थोडक्यात दिली आहेत. त्यांतले शेवटी आलेले पत्र मी सर्वांत आधी घेत आहे. त्याचे कारण ते वाचताच कळेल.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. नाव लिहीत नाही. चार महिन्यांपासून रात्री झोप लागत नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही. प्रार्थनेला बसलो की आपण देवाला नकोसे झालो आहोत एवढेच मनात येते. हे सगळे एकदाचे संपवावे असे वारंवार वाटते. विश्वासणाऱ्याने स्वतःचा जीव घेतला तर त्याचे तारण जाते का, एवढेच सांगा.

उत्तर : प्रिय भाऊ, आपल्या पाकिटावर पत्ता नाही, त्यामुळे मला या पानांवरच लिहावे लागत आहे, आणि हे पान आपल्या हाती पडेपर्यंत किती रात्री गेल्या असतील याची मला धास्ती वाटते. म्हणून आधी कामाचे बोलतो. १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या शासकीय मदतसेवेचा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. पुढचे वाचण्याआधी तेथे फोन करा. दुसरे असे की, घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला आजच, या पत्रात लिहिले आहे तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगा, आणि जिवाला अपाय होईल असे जे काही जवळ ठेवले असेल ते त्या माणसाच्या हवाली करा. आज रात्री एकटे झोपू नका.

आपल्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना देवाच्या प्रीतीपासून आपल्याला विभक्त करू न शकणाऱ्या गोष्टींची जी यादी दिली आहे, तिच्यात त्याने पहिला शब्द ‘मरण’ हाच घातला आहे, आणि ज्या घरांत असे मरण होऊन गेले आहे त्या घरांत जाऊन मी हेच वचन वाचले आहे. पण त्या यादीतला दुसरा शब्द ‘जीवन’ आहे, हेही पाहा. आज जगत राहणे हेच आपल्याला देवापासून दूर गेल्यासारखे वाटत असेल, तर तेही आपल्याला त्याच्यापासून तोडू शकत नाही, असे पौल म्हणतो. तारणाविषयीचा हा प्रश्न रात्री दोन वाजता एकट्याने सोडवायचा नसतो. तो दिवसाउजेडी, कोणासमोर तरी बसून विचारा. या मासिकाच्या कार्यालयात फोन केलात तर तो माणूस मी होईन.

मरण मागणारे आपण पहिले विश्वासणारे नाही. मोशेने ते मागितले, योनाने मागितले, ईयोबाने व यिर्मयाने आपल्या जन्मदिवसालाच शाप दिला. एलीयाची गोष्ट तर आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो, पण ती बहुधा कर्मेल डोंगरावरच्या अग्नीपाशी थांबवली जाते. त्याच्या पुढच्याच अध्यायात हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, बैर-शेब्यात आपल्या चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभर रानात चालून जातो, आणि एका रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे झाले’ म्हणून देवाजवळ मरण मागतो. चाकराला मागे ठेवले, या बारीकशा तपशिलाकडे आपण लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण निराशा माणसाला आधी एकटे पाडते. त्यावर देवाने काय केले? उपदेश केला नाही, कालच्या विजयाची आठवण करून दिली नाही, विश्वास कमी झाल्याचा ठपकाही ठेवला नाही. एलीयाला झोप लागली. देवदूताने त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले. तो पुन्हा झोपला. त्याला पुन्हा उठवून खाऊ घातले, कारण वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. संवाद त्यानंतर, होरेब डोंगरावर, कित्येक दिवसांनी झाला. आधी झोप आणि भाकर, हा क्रम देवाने स्वतः घालून दिलेला आहे.

म्हणून आपल्या झोपेसाठी व भुकेसाठी डॉक्टरकडे जा, मानसोपचाराच्या डॉक्टरकडेच जा, आणि गोळ्या दिल्या तर त्या घ्या. विश्वासणाऱ्याने मनाच्या आजारावर औषध घेऊ नये, असे आपल्यातले काही जण अजून सांगतात, आणि गंमत अशी की सांगणारे स्वतः मधुमेहाची गोळी नाश्त्याआधी न चुकता घेतात. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. त्यानंतर काही वर्षांतच आयडा स्कडर यांच्या हातून वेल्लोरचे काम उभे राहिले. ज्या मंडळीने ही इस्पितळे उभारली, तिच्याच लोकांनी औषधाला अविश्वास म्हणावे हे मला कधीच पटलेले नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चौदा महिन्यांपूर्वी माझे यजमान मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. मंडळीने एकवीस दिवस साखळी उपवास-प्रार्थना केली होती, बरे होतील असे कित्येकांनी खात्रीने सांगितले होते. ते गेल्यावर काहींनी ‘विश्वासात कुठेतरी उणीव राहिली’ असे मला तोंडावर सांगितले. तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. रविवारी गीते गाते, पण ती ओठांनीच. आत काहीच हलत नाही. मी भगिनी मंडळाची सेक्रेटरी आहे, इतर बायकांना प्रार्थना करायला सांगते आणि स्वतः करत नाही. मी ढोंगी आहे का? प्रभूने मला सोडले आहे का? मी पदाचा राजीनामा द्यावा का?

उत्तर : प्रिय भगिनी, ज्यांनी आपल्याला असे सुनावले त्यांच्या वतीने आधी आपली क्षमा मागतो. अशी वाक्ये दुष्टपणातून क्वचितच येतात. बहुधा ती भीतीतून येतात. शेजारच्या घरातले मरण विनाकारण आले असे मान्य केले, तर ते उद्या आपल्याही घरी विनाकारण येऊ शकेल हेही मान्य करावे लागते, म्हणून माणूस घाईघाईने कारण शोधतो आणि मागे राहिलेल्याच्या पदरात ते टाकून मोकळा होतो. ईयोबाच्या तिघा मित्रांनी हेच केले. ते भेटीला आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. माझ्या मते त्यांच्या हातून झालेली सेवा तेवढीच. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायामागून अध्याय देवाची वकिली केली; पण शेवटी ज्याची वकिली केली तोच परमेश्वर त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणाला की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा, त्याला न्यायासनासमोर बोलावू पाहणारा ईयोब यथार्थ बोलला, आणि देवाची बाजू घेणारे मित्र चुकले! हे वाचून मला आजही थोडी धडकी भरते, कारण सेवेच्या पहिल्या काही वर्षांत मयताच्या घरी मीही पुष्कळदा अलीफजासारखाच बोललो आहे.

आता ढोंगाविषयी. नसलेली गोष्ट आहे असे दाखवून मान मिळवणे याला ढोंग म्हणतात. आपण तर आत काही हलत नाही हे उघड लिहून पाठवले आहे. आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये प्रार्थना म्हणजे डोळे मिटून, मनातून, आपल्या शब्दांत केलेली प्रार्थना, अशी एक समजूत घट्ट बसली आहे. ती रीत चांगलीच आहे, पण तिच्यात एक अडचण आहे : ज्या दिवशी मनात शब्द नसतील, त्या दिवशी माणसाला वाटते की प्रार्थनाच संपली. स्तोत्रसंहिता अशा दिवसांसाठी आहे. तिच्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून पाहा. इतर विलापगीते रडत सुरू होतात आणि शेवटी कोठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द ‘काळोख’ असा आहे. तरी ते कोणी गाळले नाही, त्याला सुखाचा शेवट जोडला नाही, आणि मंदिरातल्या गायकांच्या नावावर ते सांभाळून ठेवले. आणि वधस्तंभावर असताना आपल्या प्रभूनेही स्वतःचे शब्द शोधले नाहीत. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्या वेळी देवाच्या पुत्राला उसने शब्द चालले, तर रविवारी आपण ओठांनी गायलेल्या गीतालाही प्रार्थना म्हणण्यास माझी हरकत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका खेड्यातल्या मंडळीत असताना माझे एक वर्ष असे गेले. कारण सांगण्याइतके मोठे नव्हते. एका पावसाळ्यात सुरू झाले आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकले. वेदीपाशी उभा राहायचो आणि आपण रिकाम्या खोलीत बोलत आहोत असे वाटायचे. स्वतःच्या शब्दांनी प्रार्थना करणे मला खोटे वाटू लागले, म्हणून उपासनेच्या पुस्तकातल्या छापील प्रार्थना वाचायला लागलो. पंच कमिटीत तक्रार आली की पाळकसाहेब हल्ली कागदावरची प्रार्थना करतात, त्यांना आत्म्याची प्रेरणा उरलेली नाही. तक्रार तशी खरीच होती! पण त्या कागदावरच्या प्रार्थना ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या विश्वासावर मी ते वर्ष काढले. पुढे केव्हातरी आतला आवाज परत आला. नेमका कोणत्या दिवशी, ते सांगता येत नाही.

प्रभूने सोडले का, या आपल्या प्रश्नासाठी एक उदाहरण देतो. ते एका कॅथलिक भगिनीचे आहे म्हणून प्रॉटेस्टंट वाचकांनी पान उलटू नये. मदर तेरेसा यांनी १९४८ मध्ये कोलकात्याच्या गरीब वस्त्यांत कामाला सुरुवात केली आणि जवळजवळ त्याच सुमारास त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव येईनासा झाला. जगाला त्यांचे हसणे दिसत होते; आपल्या आत्मिक मार्गदर्शकांना त्या मात्र आतल्या अंधाराविषयी, देवाला आपण नकोशा झालो आहोत अशा वेदनेविषयी लिहीत होत्या. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला आणि काहींनी त्यांना ढोंगी ठरवले. आपण स्वतःसाठी जो शब्द वापरला आहे, नेमका तोच.

यातला एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. पुण्यात ईश्वरविज्ञान शिकवणारे योसेफ नॉयनर नावाचे ऑस्ट्रियन जेझुइट धर्मगुरू होते. शंभरी ओलांडून २००९ मध्ये ते गेले. १९६१ मध्ये मदर तेरेसांनी आपल्या अंधाराविषयी त्यांना सांगितले. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा होता : या अवस्थेवर माणसाच्या हातात उपाय नाही, म्हणून तिचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नका, येशूचे अस्तित्व जाणवणे हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे, त्याच्यासाठीची तळमळ हीच तो आत असल्याची खूण आहे, आणि हा अंधार तुमच्या सेवेचाच एक भाग आहे. त्यानंतर तेरेसांनी त्यांना लिहिले की अकरा वर्षांत पहिल्यांदाच या अंधारावर आपले प्रेम जडले आहे. अंधार मात्र गेला नाही.

या उदाहरणाचा गैरवापर होऊ नये म्हणून एक सांगतो. आपण आपल्या दुःखावर प्रेम करावे असे मी मुळीच म्हणत नाही. आपला अंधार हा संतपणाचा नव्हे, तो एका बाईचा नवरा गेल्याचा अंधार आहे, आणि चौदा महिने हा काळ थोडा आहे. नॉयनर यांचे मधले वाक्य तेवढे घ्या. प्रभू सुटला असता तर तो सुटल्याचे आपल्याला इतके लागले नसते.

राजीनाम्याबद्दल इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम मला फार उपयोगी वाटतो. हा माणूस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा गावी स्वतः अशा अवस्थेतून गेला होता, जीव देण्याचे विचारही त्याच्या मनात येऊन गेले होते, आणि त्या अनुभवातून त्याने पुढे लिहिले की मन कोरडे व उदास असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये. आपण सेक्रेटरीपद उजेडात स्वीकारले होते. म्हणून आता राजीनामा देऊ नका. पण तीन महिन्यांची रजा मात्र मागा, आणि त्या काळात भगिनी मंडळात केवळ एक सभासद म्हणून मागच्या चटईवर बसा. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा, ते मनाला लागो वा न लागो. मोठ्याने अशासाठी की निदान घरात आवाज होईल. उपवास करू नका.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. माझे पप्पा पाळक आहेत. गेले वर्षभर मला शंका येत आहेत. पुनरुत्थान खरोखर झाले कशावरून? प्रार्थना म्हणजे स्वतःशीच बोलणे नव्हे कशावरून? माझे इतर धर्मांचे मित्र माझ्यापेक्षा चांगले वागतात, त्यांचे काय? घरी सांगण्याची सोय नाही. सुट्टीत गावी गेलो की पप्पांच्या हातून प्रभुभोजन घ्यावे लागते, आणि ‘जो अयोग्य प्रकारे खातो’ हे वचन ऐकले की अंगावर काटा येतो. मी प्रभुभोजन घ्यावे की नाही?

उत्तर : प्रिय मित्रा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मुळातच चुकीच्या वाचनातून आला आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय सबंध वाच. करिंथच्या मंडळीत पैसेवाले लोक आधी येऊन खाऊनपिऊन घेत, आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल चिडला आहे तो या वागण्यावर. तेथे ‘अयोग्य प्रकारे’ हे शब्द मेजावर केलेल्या अपमानाविषयी आहेत, मनात आलेल्या शंकेविषयी नाहीत. शेजारच्याला उपाशी ठेवणाऱ्याने त्या वचनाला भ्यावे. तुला भिण्याचे कारण नाही. प्रभुभोजन घे. ज्या मेजावर पेत्राला जागा होती, तो काही तासांतच प्रभूला नाकारणार आहे हे ठाऊक असूनही जागा होती, त्या मेजावर तुलाही आहे.

शंका आणि अविश्वास यांत आपले लोक फरक करत नाहीत, पवित्र शास्त्र करते. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा उठलेला प्रभू समोर उभा आहे, शिष्य नमन करत आहेत, आणि तरीही त्यांतल्या कित्येकांना संशय वाटला असे लिहिले आहे. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची महान आज्ञा दिली गेली ती याच मिश्र घोळक्याला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून निरोप पाठवून विचारले की जो येणार आहे तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ज्याने यार्देनेच्या काठी बोट दाखवून ओळख पटवली होती, त्याचा हा प्रश्न! प्रभूने निरोप्यांना जे दिसते व ऐकू येते ते जाऊन सांगा म्हटले, आणि ते निघून गेल्यावर लोकांपाशी योहानाची थोरवी गायिली. यहूदाचे छोटेसे पत्र तर सरळ सांगते की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा.

आणि थोमा. त्याच्यावरचे उपदेश बहुधा त्याच्या हट्टावर असतात. मला त्या आठ दिवसांचे अधिक वाटते. दहा जण म्हणतात आम्ही प्रभूला पाहिले, अकरावा म्हणतो मी मुळीच मानणार नाही. आणि आठवड्याने योहान लिहितो की शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. तो निघून गेला नाही आणि त्यांनीही त्याला काढले नाही. पहिल्या वेळी तो खोलीत नव्हता म्हणून हुकला होता. दुसऱ्या वेळी न मानताही खोलीत होता. तुला माझे सांगणे एवढेच आहे की खोली सोडू नकोस. जवळच्या एखाद्या मंडळीत जात राहा, मागच्या बाकावर बस, ‘मी विश्वास धरतो’ म्हणण्याची वेळ आली आणि तुला म्हणवले नाही तर त्या ओळीला गप्प राहा. तेवढ्यापुरते इतर लोक तुझ्या वतीने म्हणतील.

वेळ लागण्याविषयी पंडिता रमाबाईंचे उदाहरण तुझ्यासारख्या अभ्यासू मुलाने जरूर पाहावे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेलेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण येथे गोष्ट संपवतो. पण बाप्तिस्म्यानंतर त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तांविषयी त्यांनी आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी, पत्रांतून जोरदार वाद घातले, ख्रिस्ती लोकांमधले इतके पंथ पाहून त्या गोंधळल्या, आणि समजल्याशिवाय हो म्हणण्यास त्यांनी नकार दिला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत लिहिले आहे, आणि तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. प्रश्न विचारणाऱ्या याच बाईने नंतर हिब्रू व ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले.

तुझ्या तीन प्रश्नांपैकी पुनरुत्थानाचा प्रश्न वाचून, चर्चा करून पुढे नेता येण्यासारखा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायापासून सुरुवात कर, कारण तेथे पौल साक्षीदारांची नावे घेतो आणि उठलेल्या प्रभूला पाहणाऱ्या पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असे सांगतो, म्हणजे जाऊन विचारा असेच म्हणतो. इतर धर्मांच्या मित्रांचा चांगुलपणा पाहून आनंद मान. त्याने ख्रिस्त लहान होत नाही. प्रार्थनेचा प्रश्न मात्र वाचून सुटणारा नाही. त्यासाठी मार्काच्या नवव्या अध्यायातल्या बापाचे वाक्य रोज एकदा म्हण : ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ एकाच श्वासात दोन्ही म्हणणाऱ्या त्या माणसाला प्रभूने आधी मन पक्के करून ये असे सांगितले नाही. त्याच्या मुलाला बरे केले.

पप्पांविषयी. पाळकाच्या घरात मुलांना शंका घेण्यासाठी जागा नसते, हे मी पाळक म्हणून आणि बाप म्हणूनही कबूल करतो. पण शनिवारी रात्री उपदेश तयार करताना हे प्रश्न तुझ्या पप्पांच्या मनातही येऊन गेले असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. त्यांना सगळे एकदम सांगू नकोस. एका प्रश्नापुरते, ‘पप्पा, तुम्हाला असे कधी वाटले होते का?’ एवढेच विचार.

प्रश्न : आमच्या मंडळीतला एक तरुण, जो पूर्वी साक्ष देण्यात व गायनात पुढे असे, नोकरी गेल्यापासून उपासनेला येत नाही. भेटला तर म्हणतो की देवाबद्दल माझ्याशी बोलू नका. पंच कमिटीने त्याच्या घरी जाण्याचे ठरवले आहे. मी मंडळीतला वडील आहे. जाताना कोणती वचने घेऊन जावीत?

उत्तर : वडीलसाहेब, सलाम. कोणतीही वचने घेऊन जाऊ नका, आणि कमिटी म्हणूनही जाऊ नका. सात माणसे एकदम उंबऱ्यात उभी राहिली की ती भेट राहत नाही, चौकशी होते. दोघेच जा, आणि त्यांतला एक त्याच्या वयाचा असू द्या.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून आत जाता येत नाही म्हणून घराचे छप्पर उसकतात आणि बाज खाली सोडतात. त्या बाजेवरच्या माणसाने एक शब्द उच्चारल्याची नोंद नाही. त्याने विश्वास दाखवला, प्रार्थना केली, येण्याची इच्छा धरली, असेही कोठे लिहिलेले नाही. ‘त्यांचा विश्वास पाहून’ प्रभू त्याच्याशी बोलला, असे लिहिले आहे, आणि बाज वाहून आणणारे त्या ‘त्यांचा’मध्ये आहेतच. या तरुणाचा विश्वास सध्या चालू शकत नाही. तो तुम्हाला काही महिने उचलून न्यावा लागेल, आणि उचलणाऱ्याने बाजेवरच्याला चालण्याचे फायदे समजावून सांगायचे नसतात.

त्याची नोकरी गेली आहे, तर आधी नोकरीचे पाहा. मंडळीत कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत काम करणारी माणसे आहेत. त्यांच्याकडे शब्द टाका. घरभाडे थकले आहे का ते त्याच्या आईला हळूच विचारा, आणि थकले असेल तर दान कोणी दिले हे त्याला कळणार नाही अशा रीतीने ते भरा. त्याने देवाबद्दल बोलू नका म्हटले आहे, तेव्हा बोलू नका. क्रिकेटबद्दल बोला. उपासनेत त्याचे नाव घेऊन जाहीर प्रार्थना करू नका, ती त्याच्या कानावर जाते आणि त्याचा अर्थ तो बरोबर लावतो.

जाताना घरातून डबा घेऊन जा. निघताना दारात एकदाच विचारा की तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का, आणि नको म्हणाला तर बरे म्हणून, डबा तेथेच ठेवून या, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो परत आणायला जाता येईल.